आधी गूळ, मग मुद्दा

सरांच्या खिशाला मुंग्या लागायच्या. शर्टाच्या डाव्या खिशात, जिथे बाकीचे प्राध्यापक पेन ठेवतात, तिथे सर गुळाचे खडे ठेवायचे. कागदात गुंडाळून वगैरे नाही, तसेच. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टावर हृदयाच्या जागी एक तपकिरी डाग होता. शिरूरच्या आमच्या कॉलेजात उन्हाळा लागला की टेबलावरून, हजेरीपटावरून, खडूच्या डबीतून मुंग्यांची एक बारीक रांग सर गेले असतील त्या दिशेला निघालेली दिसायची. सर कुठल्या वर्गावर आहेत हे आमचा शिपाई मुंग्यांवरून सांगतो, असं आम्ही म्हणायचो. शिपाई म्हणायचा, तसं काही नाही, भिंतीवर टाइमटेबल लावलंय ना.

गुळामागे एक नियम होता. समोरचा माणूस तावातावाने काही सांगायला लागला की सर खिशात हात घालायचे, एक खडा काढायचे, त्यावरची मुंगी फुंकर मारून उडवायचे आणि खडा पुढे करायचे. "आधी गूळ, मग मुद्दा." एकदा परीक्षेच्या फीवरून पोरं घोषणा देत आमच्या विभागात घुसली. सरांनी पुढाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. आमच्याकडच्या पोराला वडीलधाऱ्याने दिलेला गूळ नाकारता येत नाही, आणि तोंडात गूळ असताना 'मुर्दाबाद' म्हणता येत नाही. पोरगं चघळत उभं राहिलं. मागच्यांना वाटलं, तडजोड झाली. सगळे खाली उतरले. फी वाढायची ती वाढलीच. सर म्हणाले, "फीचं मला माहीत नाही. काच फुटली नाही, एवढं खरं."

मी त्यांचा आधी विद्यार्थी आणि मग सहकारी. सहकारी म्हणजे तासिका तत्त्वावरचा; दर जूनला नव्याने जन्माला यायचं आणि दर एप्रिलला देह ठेवायचा. मला कशाबद्दलही अपराधी वाटू शकतं, दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी. सरांच्या गोष्टी मी स्टाफरूममध्ये पुष्कळ सांगितल्या आहेत, हशा मिळवायला. मिळालाही. पण त्यातला एक भाग मी नेहमी गाळत आलो, कारण त्याला हशा येणार नव्हता. ते बरोबर नव्हतं. म्हणून आता सगळं सांगतो.

सरांनी तरुणपणी पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन केलं होतं. उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्या एकमेकींशी काय बोलतात ते बघायचं. एका पेशीत रंग सोडायचा आणि तो शेजारणीपर्यंत, तिच्या शेजारणीपर्यंत पसरत जातो का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. मग बशीतली साखर कमी करायची आणि पुन्हा बघायचं. वडील गेले, जमिनीकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून बशा तिथेच ठेवून सर परत आले. प्रबंध अर्धा राहिला. उरलेला अर्धा ते आयुष्यभर तोंडी सांगत राहिले.

"मेंदू म्हटलं की जो तो चेतापेशीचं कौतुक करतो," ते वर्गात सांगायचे. "विचार तिचा, हुकूम तिचा, पुस्तकात फोटो तिचा. पण चेतापेशी म्हणजे घरातलं लाडावलेलं पोर. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेत नाही. तिच्याभोवती आधारपेशी असतात. त्या रक्तातून साखर उचलतात, तिला पचेल अशी करून भरवतात, तिचा केरकचरा काढतात. आणि मुख्य म्हणजे, या आधारपेशींच्या मधल्या भिंतींना दारं असतात. इवलीइवलीशी. एकीकडे साखर कमी पडली की शेजारीण त्या दारातून देते. तिला कमी पडली की पलीकडची. निरोपही तिथूनच जातात. वाटी इकडून तिकडे, वाटी तिकडून इकडे. मेंदू चालतो तो या वाट्यांवर."

मग ते आवाज खाली आणायचे. "आणि साखर फारच कमी पडली, हवा कमी पडली, तर? ही मधली दारं बंद व्हायला लागतात. आणि रस्त्याकडची उघडतात. जे शेजारणीला द्यायचं ते बाहेर सांडतं. तिच्या पोटाला तर मिळत नाहीच, वर सांडलेल्याची बाधा होते. हे बशीत बघायचं असेल तर पुण्याला जा. नाहीतर कुठल्याही गावात इलेक्शनपर्यंत थांबा."

पुढे मोबाईल आले तेव्हा सरांना फार आनंद झाला. त्यांना नवं उदाहरण मिळालं. "सख्ख्या भावाशी बोलणं बंद, आणि स्टेटसला काय, तर 'वेळ आल्यावर काही जणांना उत्तर मिळेल'. हेच ते. मधलं दार बंद, रस्त्याकडचं सताड."

वर्गात ते प्रयोगही करायचे. पहिल्या बाकावर शेंगदाण्यांची परात ठेवायची, आणि मूठमूठ हातोहात मागे शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायची. हा प्रयोग एकदा सकाळी पहिल्या तासाला, भरल्या पोटी. तोच पुन्हा संकष्टीच्या दिवशी शेवटच्या तासाला. त्या दिवशी शेंगदाणे तिसऱ्या बाकाच्या मागे गेलेच नाहीत. सरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. "बघा! मधली दारं बंद! वहन थांबलं!"

"थांबलं न्हाई सर," मागून एक मुलगी म्हणाली. "पुढच्यांनी खाल्लं."

सर विचारात पडले. "तेही एक मत आहे," म्हणाले, आणि फळ्यावर लिहून घेतलं. पहिल्या बाकावर मी होतो.

आमच्या प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं की सर वर्गात कॉलेजला मेंदू म्हणतात आणि तुम्हाला चेतापेशी. प्राचार्य खूश. तपासणी समिती आली तेव्हा त्यांनी स्वतःच सरांना पुढे केलं. "सर, तो मेंदूचा मुद्दा सांगा ना मॅडमना." सरांनी सांगितला. पूर्ण सांगितला. चेतापेशीला स्वतःच्या हाताने खाता येत नाही, तिचा कचरा दुसऱ्यांना काढावा लागतो, तरी आवाज सगळ्यात मोठा तिचाच, आणि ती गेली तर तिच्या जागी सहसा दुसरी येत नाही, शेजारच्या कसंबसं भागवून नेतात, इथपर्यंत. समितीतल्या बाईंनी रिकामा कप बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. त्यानंतर समिती यायच्या दिवशी सरांना नेमकं परगावी परीक्षेचं काम निघू लागलं.

रांजणगावच्या एका कारखान्याने त्यांना 'ताणतणावाचं व्यवस्थापन' या विषयावर बोलायला नेलं होतं. हॉल गार, पडद्यावर सूर्योदयाचं चित्र, समोर निळ्या कपड्यातले कामगार. सरांनी माईक हातात घेऊन विचारलं, "जेवलात का?" मागून एक बिहारी पोरगा म्हणाला, "नहीं साहब. खाने के टाइम में ही लेक्चर रखा है." सर म्हणाले, "तो फिर लेक्चर हो गया. जाओ, खाना खाओ." आणि माईक ठेवून खाली उतरले. टाय लावलेले साहेब त्यांच्या मागे गेटपर्यंत पळत आले म्हणे. पुन्हा बोलावणं आलं नाही. सर मात्र ते आपलं सगळ्यात यशस्वी व्याख्यान मानत.

आता घराकडचं.

सरांची वस्ती मांडवगणच्या पुढे, भीमेच्या अंगाला. नदीच्या या तीराला शिरूर तालुका, त्या तीराला दौंड. पलीकडची गुऱ्हाळं पेटली की काकवीचा वास पाणी ओलांडून अंगणात यायचा. जिथे वाऱ्यालाही साखर होती, तिथे हा माणूस साखरेच्या टंचाईवर बोलत बसायचा. वस्तीवर भिंतीला भिंत लागून दोन स्लॅबची घरं. एक सरांचं, एक त्यांच्या धाकट्या भावाचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा म्हणजे ऊस, ट्रॅक्टर, कडक इस्त्रीची टोपी आणि गावात शब्दाला वजन. आणि शुगर. वेळच्या वेळी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची आणि मग जेवायला बसायचं, हा त्यांचा नेम होता.

आप्पा एकदा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. शेवटच्या सभेत कुणीतरी म्हणालं, सरांनी दोन शब्द बोलावेत. सर बोलले. म्हणाले, "माझा भाऊ उद्या चेअरमन झाला तर तो चेतापेशी होईल. तुम्ही त्याला भरवताय हे तो विसरून जाईल. हा त्याचा दोष नाही. तो पेशीचा गुणधर्म आहे." हे आपण कौतुकाने बोललो, असं सर आजही सांगतात. विरोधकांनी ते भाषण मोबाईलवरून गावभर फिरवलं. आप्पा पडले. आणि सरांशी बोलायचे बंद झाले.

आमच्याकडे अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. एका विहिरीवर दोघांची मोटार असली की न बोलून चालतच नाही. फक्त मधे कुणीतरी लागतं. इथे म्हैस होती. वाटणीत जमीन तुटली, घर तुटलं, भांडीकुंडी तुटली, म्हैस तुटेना. म्हणून चंद्री सामाईक राहिली. सकाळची धार आप्पांची, संध्याकाळची सरांची. तिचा गोठा दोन्ही घरांच्या मागे. दोघे भाऊ चंद्रीशी बोलायचे.

"चंद्रे," आप्पा वैरण टाकता टाकता म्हणायचे, "शाण्या माणसाला सांग, ह्या आठवड्यात लाइट सकाळची हाय. पाणी आपलं आपण धरावं."

"चंद्रे," सर पलीकडून शेण ओढता ओढता. घरी आले की त्यांची भाषा बदलायची. "त्याला म्हणावं, लाइटचं टाइमटेबल मला बी कळतं."

"कळतं, तर माझ्या वाफ्यात पाणी कसं काय सुटलं म्हणावं?"

"चंद्रे, म्हणावं, बांध उंदरानं फोडला."

"चंद्रे, इचार, पुण्याहून आणलेला उंदीर का?"

चंद्री रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. तालुक्यात सगळ्यात जास्त माहिती असलेली आणि सगळ्यात कमी बोलणारी तीच.

अबोला पुरुषांपुरता होता. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि आप्पांची बायको, म्हणजे धाकट्या काकू, यांची परसदारी दिवसभर ने-आण चालायची. विरजणाची वाटी इकडे, चटणीची तिकडे, मिरच्या, कढीपत्ता, पाहुणे आले तर कप. मी बसलेलो असताना सरांच्या डोळ्यांसमोरून वाट्या जायच्या. पण जन्मभर वाट्यांवर व्याख्यानं दिलेल्या सरांना त्या कधी दिसल्याचं मला आठवत नाही.

एकदा मात्र ते आपणहून बोलले होते. आम्ही शिरूरच्या स्टँडवर मांडवगणच्या गाडीची वाट बघत होतो. समोर दोन लहान पोरं एका उसाच्या कांड्यावरून मारामारी करत होती. सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला सगळे सर म्हणतात हो. बायको पण 'सर, जेवायला चला' म्हणते. दादा म्हणणारा एकच होता. तोही म्हशीला 'शाण्या माणसाला सांग' म्हणतो." त्यांनी दोन खडे काढून त्या पोरांना दिले आणि गाडी आली.

आता तो दिवस. ऊन असं होतं की कावळेसुद्धा ओरडत नव्हते. मी प्रश्नपत्रिका दाखवायला वस्तीवर गेलो होतो. दोन्ही काकू दौंडला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेलेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक एकाच घरात, सरांच्या घरात, करून झाकून ठेवला होता. घाईत केलं की मुद्दाम, देव जाणे. आप्पांनी नेहमीच्या वेळेला सुई टोचून घेतली, आणि गोठ्याच्या कडेला बाजेवर येऊन बसले. हे सुईचं आम्हाला नंतर कळलं. त्यांचं जेवण भिंतीच्या अलीकडे होतं आणि ते भिंतीच्या पलीकडे.

"चंद्रे, त्याला सांग, ताट वाढलंय," सर म्हणाले.

"चंद्रे, म्हणावं, भूक न्हाई."

"म्हणावं, आमटी गार होतीया."

"म्हणावं, ज्यानं रांधली न्हाई त्यानं आमटीचा रुबाब दाखवू ने."

सरांनी खांदे उडवले. आम्ही दोघं जेवलो. मी आमटी दोनदा मागून घेतली. आजही आमटीचा भुरका मारताना मला ते आठवतं.

जेवण झाल्यावर गोठ्याच्या सावलीत आम्ही कागद घेऊन बसलो. मी एक प्रश्न काढला होता, साखरेच्या अभावाचा आधारपेशींच्या परस्परसंपर्कावर होणारा परिणाम. सर म्हणाले, प्रश्न मोघम आहे. साखर उतरल्यावर पहिली लक्षणं कोणती, ते विचारा. माणूस चिडतो, वेडंवाकडं बोलतो, घाम येतो, हात कापतात. लोकांना वाटतं प्यालाय किंवा भांडतोय. "लिहा," म्हणाले, "सोदाहरण स्पष्ट करा."

उदाहरण आमच्या पाठीमागे बाजेवर होतं.

आप्पा चंद्रीला शिव्या द्यायला लागले होते. आधी साध्या, मग तिच्या मालकाला, म्हणजे अर्धा भाग स्वतःलाही. मग त्यांनी टोपी काढून वैरणीत फेकली. सर मान न वळवता म्हणाले, "चंद्रे, म्हणावं, घरात पाव्हणा हाय. तोंड आवर."

आप्पांनी आवरलं नाही. ते उठले, सदऱ्याची बटणं काढायला लागले, त्यांना ती सापडेनात. घाम निथळत होता. पण त्या उन्हात घाम कुणाला येत नव्हता? हात थरथरत होता. पण रागात हात कुणाचा थरथरत नाही? भाऊबंदकीत ही लक्षणं आजाराची धरायची झाली तर अख्खा तालुका दवाखान्यात घालावा लागेल. मोटारसायकलवरून चाललेला एक जण बांधाशी थांबला. "काय आप्पा, आज लय तापलाय?" म्हणाला, आणि हसत मोबाईल वर केला. मीही हसलो.

मग आप्पा अडखळत आमच्याकडे आले. सरांच्या समोर उभे राहिले. चंद्रीकडे बघितलं नाही. सरांकडे बघितलं.

"दादा," म्हणाले.

सरांच्या मांडीवरचे कागद खाली गेले.

"दादा, चल की. नदीला पाणी सोडलंय. पवाया जाऊ."

सर उठून उभे राहिले. "आलो," म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज माझ्यापर्यंतही नीट आला नाही. "आलो रं."

"आईला सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

मला इतका आनंद झाला की मी उभा राहून टाळी वाजवायचाच राहिलो होतो. सरांनी आप्पांच्या खांद्यावर हात टाकला आणि ते दोघं खरंच नदीच्या दिशेला दोन पावलं चालले. मग सर थांबले.

"हा माझ्याशी बोलतोय," ते म्हणाले.

"बोलतायत ना सर! चांगलंच झालं की!"

"अहो, चांगलं काय?" सर माझ्यावर ओरडले. ते मला पहिल्यांदाच ओरडले. "शुद्धीत असता तर बोलला असता का? साखर उतरलीय त्याची! पाणी आणा!"

घाम दिसला होता, थरथर दिसली होती, शिव्या ऐकू आल्या होत्या. इतकं सगळं शिकलेल्या माणसाला भावाचा आजार कळला तो भाऊ गोड बोलला म्हणून.

मी तांब्या आणायला पळालो आणि परत आलो, तेव्हा सरांचा हात खिशापर्यंत गेलेला होता. आणि तिथेच थांबलेला होता. हाच तो भाग, जो मी कधी सांगितला नाही. फार नाही, एक श्वासभर. त्या श्वासात आप्पा सरांचं मनगट धरून म्हणाले, "दादा, तू म्होरं हो. मला भ्या वाटतं."

सरांनी डोळे मिटले, उघडले, आणि गूळ काढला.

तांब्यात खडे कुस्करले, मुंग्यांसकट. आप्पांना बाजेवर टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजायला लागले. "गिळ. गिळतोयस ना? दमानं. गिळ." आप्पा लहान पोरासारखे पीत होते. "ग्वाड हाय दादा," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "दादा" म्हणाले. मग नुसतेच बघत राहिले. सर प्रत्येक घोटागणिक त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की आपण काय पाजतोय आणि त्यापायी काय हातचं चाललंय हे त्यांना दोन्ही कळतंय.

हळूहळू आप्पांची नजर जागेवर आली. त्यांनी उघड्या सदऱ्याकडे बघितलं, वैरणीतल्या टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी आपल्या खांद्यावरच्या हाताकडे. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. त्यांनी मान वळवली.

"चंद्रे," म्हणाले, "ह्याला सांग, खांद्यावरचा हात काढ म्हणावं."

"आला!" सर ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आला हो शुद्धीवर! बघताय काय, ताट आणा!"

आप्पा आमच्याकडे पाठ करून जेवले. भाकरी, गार आमटी, सगळं. बांधावरच्या मोटारसायकलवाल्याने मोबाईल खिशात घातला आणि हिरमुसून निघून गेला. संध्याकाळी काकू परतल्या. डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले, वेळेवर झालं, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मग दोन्ही काकूंनी दोन्ही भावांना एका ओळीत उभं करून जे सुनावलं ते मात्र म्हशीमार्फत नव्हतं.

मी शिरूरची गाडी पकडायला निघालो तेव्हा सर माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. मी भीत भीत म्हणालो, "सर, तुमच्या सिद्धांताप्रमाणे साखर उतरल्यावर मधलं दार बंद व्हायला हवं होतं. इथे तर उघडलं."

"एका भावावरून सिद्धांत बदलत नसतात," सर म्हणाले. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "काही जण मानतात, की पेशी दार लावून घेते ती शेजारणीचं मरण आपल्या घरात येऊ नये म्हणून. मी प्रयोगशाळेत असताना त्यांच्याशी भांडायचो. दार उघडंच पाहिजे म्हणायचो." मग त्यांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. "पण असं उघडण्यापेक्षा बंद असलेलं बरं हो."

यानंतर काही बदललं असं म्हणता येणार नाही. फक्त दुपारी चंद्रीला एक जास्तीचा निरोप पोहोचवावा लागायचा. "चंद्रे, इचार त्याला, सुईनंतर पोटात काय गेलं का?" "चंद्रे, सांग, भाकरी गेली, न् नसत्या चौकश्या बी गेल्या."

सर निवृत्त झाले. कॉलेजातल्या मुंग्या काही दिवस इकडेतिकडे हिंडल्या आणि कमी झाल्या. मी अजून दर जूनला जन्म घेतो. वर्गात आधारपेशींचा धडा शिकवताना वाट्यांचं उदाहरण देतो, ते सरांचं आहे हे सांगायचं ठरवतो, आणि घंटा होते.

मध्यंतरी वस्तीवर गेलो होतो. गोठा मोकळा होता. चंद्री म्हातारी झाली, विकून टाकली, काकूंनी सांगितलं. दावणीचा खुंटा मात्र तसाच होता, घासून गुळगुळीत झालेला. त्याच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आप्पा. दोघे खुंट्याकडे बघत बोलत होते. उसाला तोड कधी मिळणार, नदीला पाणी कधी सुटणार. अडत काहीच नव्हतं. मला बघून सर हसले, बाजेवर जागा करून दिली.

आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा, बसा." आणि मग खुंट्याकडे न बघता म्हणाले, "दादा, पाव्हण्यांला च्या सांग की."

आप्पा चुकून बोलले की ठरवून, मला सांगता येणार नाही. त्यांनी मान खाली घातली होती आणि बोटाने बाजेचा सुंभ खाजवत होते. सर मात्र उडी मारल्यासारखे उठले. आप्पांचं मनगट धरलं, दुसरा हात खिशात.

"खा," म्हणाले.

"आरं, जेवलोय मी."

"खा म्हंतो ना!"

"दादा, खरंच बोलतोय मी."

"तेच तर म्हंतोय, बोलतोयस! खा आधी!"

आप्पांनी साक्षीला माझ्याकडे बघितलं. मला बरंच काही बोलता आलं असतं. मी खुंट्याकडे बघितलं. आप्पांनी हताश होऊन खडा घेतला, त्यावरची मुंगी फुंकून उडवली, आणि तोंडात टाकला. गालात धरून ते थोडा वेळ भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. सरांनी मनगट अजून सोडलं नव्हतं. मग आप्पांनी सावकाश मान वळवली.

"खुंट्या," म्हणाले, "सांग त्याला, मी बरा हाय."

सरांनी मनगट सोडलं आणि ते खाली बसले.

"हां," म्हणाले, "आता कसं बोललास."